गाण्याची कमाई, क्रिप्टो आणि आपली बचत



आज आम्ही जो विषय घेऊन आलो आहोत, तो ऐकून काही जणी म्हणतील, "हे काय आमच्या कामाचं?" विषय आहे क्रिप्टोचा. म्हणजे बिटकॉइन वगैरे जे मोबाईलमधलं चलन म्हणतात, त्याचा. आणि त्याला जोडून गाण्याचा. जो माणूस स्वतः गाणी रचतो, गातो, वाजवतो आणि कुठल्या मोठ्या कंपनीत नाही, त्याला या चलनातून कमाई करता येते का, हा आजचा प्रश्न.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेल. एखादा मुलगा मोबाईलवर गाणी करून टाकत असेल. कुणाची नणंद गौरीच्या गाण्यांना सगळ्यांच्या पुढे असेल. आज ना उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या तरी दारात हा विषय येणार आहे. आमच्या दारात तो गेल्या वर्षी आला, आणि आला तोही कर्जाच्या मागणीतून.

आम्ही पुण्यात, दांडेकर पुलाच्या आसपासच्या वस्तीत बचत गटांचं काम बघतो. ज्या गटाची ही गोष्ट, त्यात १४ जणी आहेत. कुणी धुणीभांडी करतात, कुणी पोळ्या लाटायला जातात, दोघी शिवणकाम करतात. महिन्याला २०० रुपये बचत. पाच वर्षांत गटाची शिल्लक एक लाख साठ हजारांच्या घरात गेलेली. बैठकीत आमच्या एका ताईंनी ४० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. सचिवांनी विचारलं, "कारण काय लिहू?" ताई म्हणाल्या, "लिही, पोराच्या गाण्याचं नाणं काढायचंय."

सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत.

पुढच्या बैठकीला आम्ही त्या मुलालाच बोलावलं. वय २३. दिवसा पार्सल पोचवायचं काम करतो, रात्री गाणी लिहितो. ढोलकी वडिलांकडून शिकला. त्याने सांगितलं ते असं. एका माणसाने त्याची गाणी ऐकली. तो म्हणाला, तुझ्या गाण्याच्या नावाने आपण एक कॉइन काढू. लोक तो कॉइन विकत घेतील, गाणं गाजलं की कॉइनचा भाव वाढेल. सुरुवातीला ४० हजार भर. आणि तुझ्यासारखे आणखी दहा कलाकार आण, प्रत्येकामागे तुला कमिशन.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय आहे, सरळ नाही म्हणायचं. आम्हीही तेच म्हणणार होतो. पण ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांच्या मालकांची गोष्ट सांगितली. मालक ढोलकी वाजवायचे. कॅसेटच्या काळात तीन गाण्यांना त्यांनी साथ केली आणि तिन्ही मिळून ५०० रुपये हातात पडले. त्यातलं एक गाणं आजही आपल्या भागातल्या वरातींत वाजतं. ताई म्हणाल्या, "गाणं वाजलं की हे खिडकीत येऊन उभे राहायचे. पैसा कधी आला नाही. आता पोराचं तरी तसं होऊ नये."

मैत्रिणींनो, हे दुःख खोटं नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई आठवा. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली कलावंतीण. आज राज्य सरकार तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देतं. पण २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले होते. ज्याचं गाणं गावोगाव वाजतं, त्याच्या घरात चूल पेटेलच असं नाही. म्हणून कुणी येऊन म्हणालं, की ही नवीन वाट आहे, यात मधला माणूस नाही, पैसे थेट कलाकाराला मिळतात, तर मन ओढ घेणारच.

म्हणून आम्ही ठरवलं की नाही म्हणण्याआधी हे समजून घ्यायचं. त्या मुलाला सोबत घेऊन आम्ही दोन महिने माहिती काढली. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी क्रिप्टो म्हणजे काय ते बघू. आपल्या गटाची वही डोळ्यांपुढे आणा. कुणी किती भरले, कुणी किती घेतले, हे बैठकीत मोठ्याने वाचलं जातं आणि प्रत्येकीच्या पासबुकात उतरतं. त्यामुळे एकटी सचिव नंतर आकडा बदलू शकत नाही. सगळ्यांकडे नोंद असते. क्रिप्टोची वही अशीच, फक्त ती जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. तिला ब्लॉकचेन म्हणतात. एकदा नोंद झाली की खोडता येत नाही. बिटकॉइन हे अशा वहीवर चालणारं पहिलं चलन, ते २००९ मध्ये सुरू झालं. त्यामागे कुठलं सरकार नाही, कुठली बँक नाही.

या वहीचा गाणाऱ्याला उपयोग काय? चार प्रकारे होतो.

पहिला प्रकार म्हणजे बक्षिसी. परदेशातल्या एखाद्या श्रोत्याला गाणं आवडलं, तर तो मधे बँक न आणता थेट कलाकाराच्या खात्यात हे चलन पाठवू शकतो. या खात्याला वॉलेट म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे गाण्याची मोजकी प्रत विकणं. गाणं तर मोबाईलवर कुणालाही फुकट ऐकता येतं. पण कलाकार म्हणतो, मी याच्या फक्त ५० क्रमांक घातलेल्या प्रती काढतो, त्या कुणाकडे आहेत हे वहीत लिहिलेलं राहील. चाहते हौसेने त्या घेतात. याला एनएफटी म्हणतात. प्रत घेतली म्हणजे गाण्याची मालकी मिळाली, असं नसतं. सही केलेलं पुस्तक घेतलं म्हणून आपण त्या पुस्तकाचे लेखक होत नाही, तसंच.

तिसरा प्रकार म्हणजे ऑडियससारखी गाणी ऐकण्याची ठिकाणं, जिथे कलाकार स्वतः गाणं चढवतो आणि तिथलंच चलन त्याला बक्षीस म्हणून मिळू शकतं.

चौथा प्रकार आम्हाला सगळ्यात आवडला. तो म्हणजे आपोआप वाटणी. आधीच लिहून ठेवायचं, की या गाण्याचे पैसे आले की गाणाऱ्याला ४० टक्के, लिहिणाऱ्याला ३०, ढोलकीवाल्याला ३०. पैसे आले त्याच क्षणी तसे वाटले जातात. कुणाला कुणाच्या मागे लागावं लागत नाही. ताईंनी हे ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे तेव्हा असतं तर."

हे नुसतं कागदावरचं नाही, लोकांनी करून पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या इमोजेन हीप या गायिकेने २०१५ मध्ये 'टायनी ह्यूमन' हे आपलं गाणं अशाच पद्धतीने विकायला ठेवलं. प्रत विकली गेली की सगळ्या साथीदारांना त्यांचा हिस्सा थेट जाई. पद्धत उत्तम होती, पण प्रत्यक्ष कमाई फार थोडी झाली, कारण त्या काळी हे चलन बाळगणारे श्रोतेच मोजके होते. पुढे २०२१ मध्ये या बाजाराला मोठी भरती आली. अमेरिकेतल्या थ्रीलाऊ नावाच्या संगीतकाराने आपल्या गाण्यांच्या एनएफटींचा लिलाव केला आणि त्याला एक कोटी डॉलरहून जास्त मिळाले. आपल्याकडेही त्याच वर्षी, पुण्यात वाढलेल्या रित्विज या तरुण संगीतकाराने सांतनू हजारिका या चित्रकारासोबत एनएफटी विकायला काढला.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट बघा. रित्विजचं 'उड गए' हे गाणं २०१७ पासूनच देशभरात ऐकलं जात होतं. थ्रीलाऊचेही चाहते आधीपासून होते. म्हणजे श्रोते आधी आले आणि एनएफटी नंतर. क्रिप्टोने त्यांना श्रोते दिले नाहीत. जे श्रोते होते, त्यांच्याकडून पैसे घ्यायचा आणखी एक रस्ता दिला, एवढंच.

दुसरं उदाहरण आमच्या शहरातलं. एमसी स्टॅन हे नाव तुमच्या घरातल्या पोरांना विचारा, लगेच सांगतील. पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला मुलगा. मोबाईलवर गाणी टाकत टाकत पुढे आला आणि २०२३ मध्ये टीव्हीवरचा मोठा खेळ जिंकला. त्याच्या नावाचं कुणी कॉइन काढलं म्हणून तो मोठा झाला नाही. लोकांनी गाणी ऐकली म्हणून झाला.

पाणी विहिरीत असेल तर मोटर कामाची. विहीर कोरडी असेल तर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवूनही काय होणार? श्रोते हे पाणी आणि क्रिप्टो ही मोटर, असं आम्ही गटात समजावून सांगतो.

आता धोके. हे जरा सावकाश ऐका.

एक, भाव. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. वर्षभरात तो १७ हजारांच्या खाली आला. पुढे तो पुन्हा वाढला, हेही खरं. पण ज्या घरात महिन्याच्या ५ तारखेला भाडं भरायचं असतं, त्या घराला भाव वाढायची वाट बघत बसता येत नाही. एनएफटीचा बाजारही २०२२ मध्ये कोसळला.

दोन, किल्ली. स्वतःच्या वॉलेटची किल्ली म्हणजे १२ किंवा २४ शब्दांची एक ओळ असते. ती हरवली तर पैसे गेले. ती कुणाला कळली तरी पैसे गेले. इथे बँकेचा साहेब नाही, की अर्ज केला आणि खातं सुरू करून दिलं.

तीन, चोरी. स्वतः किल्ली न सांभाळता एखाद्या कंपनीकडे चलन ठेवलं तरी धोका आहेच. २०२४ च्या जुलैमध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या कंपनीतून सुमारे २३ कोटी डॉलरचं, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचं चलन चोरीला गेलं. लाखो लोकांचे पैसे कितीतरी महिने अडकून पडले. बँक बुडाली तर आपल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. इथे तसं काही नाही.

चार, मानधनाचं आश्वासन. सुरुवातीला कलाकारांना सांगितलं जायचं, की तुमची प्रत पुढे जितक्या वेळा विकली जाईल, तितक्या वेळा तुम्हाला काही टक्के मिळतील. पण ओपनसी या सगळ्यात नावाजलेल्या बाजाराने २०२३ च्या ऑगस्टअखेर ती सक्ती काढून टाकली. म्हणजे घेणाऱ्याची इच्छा असेल तर देईल. बाजाराचा नियम बाजारवाला बदलू शकतो, हे लक्षात ठेवा.

पाच, कर. आपल्या देशात क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही, पण ते रुपयासारखं कायदेशीर चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर लागू झाला, वर अधिभार वेगळा. एका व्यवहारात तोटा झाला तर तो दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विकताना एक टक्का रक्कम आधीच कापली जाते. गाण्याचा मेहनताना म्हणून हे चलन मिळालं, तरी ते उत्पन्नच. ते लपवू नका, कर सल्लागाराला विचारून दाखवा.

आणि सहावी गोष्ट, सगळ्यात मोठी. फसवणूक. ही आमच्या पुण्याने जवळून बघितली आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत लोकांना सांगितलं गेलं, की तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देतो. नवे लोक आणा, त्याचं वेगळं कमिशन. देशभरातल्या हजारो लोकांनी पैसे घातले. नंतर परतावा बिटकॉइनमध्ये देण्याऐवजी योजनेच्याच एका नव्या कॉइनमध्ये द्यायला सुरुवात झाली, आणि त्या कॉइनला बाहेर फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुण्यात दत्तवाडी आणि पिंपरी-चिंचवडकडे निगडी पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. दत्तवाडी म्हणजे आमच्या वस्तीच्या शेजारीच. पुढे हा तपास सीबीआयकडे गेला. एवढंच नाही, तर तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन जाणकारांनाच, जप्त केलेलं चलन आपल्याकडे वळवल्याच्या आरोपावरून, २०२२ मध्ये अटक झाली. जाणकारांचीच ही कथा, तर आपण किती सावध राहायला हवं?

आता त्या गाण्याच्या कॉइनकडे परत या. आधी पैसे भर. नवा कॉइन आम्हीच काढणार. दहा जण आण, कमिशन घे. ओळखीचं वाटतं की नाही?

बैठकीत आम्ही फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. ४० हजारांवर गटाचं व्याज दोन टक्क्यांनी महिन्याला ८०० रुपये. मुलाला विचारलं, "तुझी गाणी आज महिन्याला किती देतात?" तो खाली बघून म्हणाला, "मागच्या महिन्यात ७० रुपये." कुणी हसलं नाही. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी बोलल्या. त्यांना लिहिता येत नाही, पण हिशेब पक्का. त्या म्हणाल्या, "बाळा, गाणं तुझं, घाम तुझा, मग पैसे भरायचे ते पण तू? गिऱ्हाईक कुठाय?"

मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या बोलण्यातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गाण्यातून पैसे आपल्याकडे यायला हवेत. गाणं विकण्यासाठी आधी आपणच पैसे भरायचे असतील, तर तिथे गाणं विकलं जात नसतं, आपण विकले जात असतो.

गटाने ४० हजार नाकारले. पण मुलाला रिकाम्या हाती पाठवलं नाही. ८ हजारांचं कर्ज दिलं, माईक आणि आवाज मुद्रित करायच्या लहान यंत्रासाठी. ताई त्या दिवशी रागावूनच घरी गेल्या. पुढची एक बैठक त्या आल्या नाहीत. हेही सांगायला हवं, कारण नाही म्हणणं सोपं नसतं. ज्या बाईने पाच वर्षांत एक हप्ता चुकवला नाही, तिला नाही म्हणताना आमचीही जीभ जड झाली होती.

त्यानंतर तीन महिन्यांनी शेजारच्या गल्लीतल्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्या गटात नव्हत्या. त्यांच्या मुलाने त्याच माणसाला ४० हजार दिले होते. त्यासाठी कानातले गहाण टाकले होते. कॉइन मोबाईलवर दिसत होता, पण विकायला गेलं की घेणारा कुणी नव्हता. माणसाचा फोन बंद. आम्ही त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन गेलो, तक्रार नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांना सोबत म्हणून पोलीस ठाण्यात कोण आलं असेल? आमच्या त्याच ताई.

तुमच्याकडे असं काही घडलं तर १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक लक्षात ठेवा. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. लाज वाटून गप्प बसू नका.

आता त्या मुलाचं काय झालं? सहा महिन्यांचा हिशेब त्याने स्वतः बैठकीत वाचून दाखवला. हळदी, बारशी आणि गणपतीतल्या कार्यक्रमांतून ११ हजार ५०० रुपये. कार्यक्रमाच्या वेळी यूपीआयचा क्यूआर कोड पुठ्ठ्यावर लावून ठेवला, त्यातून २ हजार ३४० रुपये बक्षिसी. गाणी ऐकण्याच्या ॲपवरून ४१२ रुपये. आणि हो, क्रिप्टोसुद्धा. जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी श्रोत्याने त्याला हौसेने सुमारे २ हजार रुपयांचं चलन पाठवलं. दोन आठवडे ठेवून विकलं तेव्हा १ हजार ७०० झाले होते, त्यातलाही एक टक्का कापला गेला. तो म्हणाला, "मावशी, आले ते खरे आले. पण लगेच रुपये करून घ्यायला हवे होते." ८ हजारांचं कर्ज त्याने फेडत आणलं आहे.

म्हणजे क्रिप्टोतून कमाई होतच नाही, असं आम्ही म्हणत नाही. होते. पण ती सगळ्यात शेवटची पायरी. आधीच्या पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, नाव. गाणं कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कुणी गायलं, कुणी वाजवलं, हे तारखेसह लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वाटणीही लिहा. वहीचं एक पान पुरे. संगणक जी आपोआप वाटणी करतो, तीही आधी माणसांनीच ठरवलेली असावी लागते.

दुसरी पायरी, हक्क. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. स्वतः रचलेल्या गाण्यावर हक्क मिळायला नोंदणीची सक्ती नाही, रचलं आणि लिहिलं किंवा मुद्रित केलं की हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला संरक्षण मिळालं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्कही बळकट झाले. कुणी करार पुढे केला, तर मुदत आणि प्रदेश लिहिलाय का ते बघा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था आहे. आपली गाणी बाहेर वाजत असतील तर तिथे सभासद होण्याची चौकशी जरूर करा.

तिसरी पायरी, श्रोते. आधी गावातले, मग तालुक्याचे, मग मोबाईलवरचे.

चौथी पायरी, सरळ पैसा. बँक खातं, यूपीआय, कार्यक्रमाची पावती. परदेशातून कामाचे पैसे येणार असतील, तरी बँकेमार्फत घेणंच सगळ्यात सरळ.

आणि एवढं झाल्यावर, बाहेरचा श्रोता म्हणालाच, की मी क्रिप्टोत देतो, तर पाचवी पायरी. तेव्हा हे सांभाळा. गटाचा किंवा कर्जाचा एक रुपयाही त्यात घालू नका. स्वतःच्या पॅन कार्डावर, सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या कंपनीतच खातं काढा. किल्लीचे शब्द कागदावर लिहून घरात ठेवा, त्याचा फोटो काढू नका, फोनवर कुणाला सांगू नका. आलेलं चलन लवकर रुपयात करून बँकेत घ्या. आणि प्रत्येक व्यवहार वहीत लिहा.

शेवटी एक गोष्ट खास आपल्या ओव्यांबद्दल. आपल्या पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कितीतरी वर्षं गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी तालुक्यातल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत, मराठवाड्यातल्या आहेत. एक लाखाहून जास्त ओव्या. आज 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया त्या लोकांपुढे आणतं. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं. आपल्या आज्या दळता दळता जे गायच्या, ते कुणाचं, याची नोंद कुणीतरी ठेवली. ब्लॉकचेन नव्हती तेव्हाही हे होऊ शकलं, कारण कुणीतरी शेजारी बसून विचारलं, बाई, तुमचं नाव काय?

जुनी ओवी सगळ्यांची असते, त्यावर कुणी एकट्याने मालकी सांगू नये. पण तुम्ही गायलेली ओवी, तुमच्या आवाजातली, तिच्यावर तुमचा हक्क आहे. उद्या कुणी येऊन म्हणालं, की मावशी, जरा गाऊन दाखवा, मोबाईलवर घेतो, तर आनंदाने गा. पण आधी विचारा, कशासाठी घेता, नाव लिहिणार का, आणि पैसे मिळाले तर आमचा वाटा काय.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहा. त्यांच्यापैकी कुणाकडे कॉइनवाला माणूस आला होता का, विचारा. आणि आला असेल तर आमच्या मावशींचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. गिऱ्हाईक कुठाय?

आमच्या ताई आता बैठकीला नियमित येतात. त्यांच्या मालकांचं नाव मुलाने आपल्या नव्या गाण्याच्या खाली लिहिलं आहे. ढोलकीची चाल वडिलांची, असं. त्याचे पैसे नाहीत मिळत. पण त्या गाण्याच्या वाटणीच्या कागदावर आईचाही दहा टक्के हिस्सा आहे, आणि मागच्या महिन्यात त्याचे पहिले ३८ रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले. पासबुकातली ती नोंद त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवली.